भट्टीपाशी थांबलेली ताई

सगळ्यांना जयभीम, सलाम. मामाच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही पडेगावहून, वाळूजहून, कामाला सुट्टी टाकून आलात. मला माईकवर बोलायची सवय नाय. शाळा नववीतच सुटली. पण आज गप बसलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाय, म्हणून उभा राह्यलो.

ज्यांना माहीत नाय त्यांना सांगतो. बाबूराव मिस्त्री माझे सख्खे मामा. वाळूजला त्यांचा छोटा कारखाना. तिथं लोकांचे गिअर, साचे येतात, त्यांना नायट्रायडिंग करून देतात. म्हंजे काय? पोलादाचा पार्ट स्वच्छ पुसून बंद भट्टीत ठेवायचा, अमोनिया गॅस सोडायचा, अन् तापवत ठेवायचं. गॅसातला नायट्रोजन हळूहळू पोलादाच्या कातडीत शिरतो. वरचं कातडं इतकं कडक होतं की कानस घसरते. आतलं पोलाद जसंच्या तसं. पण ह्याला लई वेळ लागतो. दिवस मावळतो, परत उगवतो, तरी भट्टी चालूच.

अन् मला कुठं दम? मी तिथं कामाला होतो तव्हा सारखा विचारायचो, "मामा, ताप वाढवू का? लवकर उरकंल."

मामा म्हणायचे, "भजे तळायलास का रं?"

सगळे हसायचे. मी पण हसायचो. मग एक दिवस उठून राजकोटला गेलो. आता तिकडं लेथवर हाय. मामा फोनवर एवढंच म्हणायचे, "जेवलास का?"

मामा गेल्याचं कळलं तसा गाडीत बसलो. पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आदल्या सांजेलाच लोक मामाला पोचवून आले होते. अंगणात कुजबुज चालली होती. "एकुलती एक पोरगी, बापाला पोचवायला आली नाय. कारखान्यात जाऊन बसली." तेवढ्यात तीच पोरगी, आपली प्रज्ञाताई, दारात आली. कपड्याला अमोनियाचा वास. डोळे सुजलेले.

अन् मी काय बोललो? तुम्ही बऱ्याच जणांनी ऐकलंय. मी म्हणलो, "बापाला पोचवायला वेळ नाय, अन् लोकांचं लोखंड शेकायला हाय व्हय?"

ताई म्हणली, "लांबून आलास. तोंड धू, चहा घे."

बस्स, एवढंच.

माझं बोलणं गल्लीत फिरलं. नातेवाइकांत फिरलं. "सख्खा भाचा पण तेच म्हणला," असं झालं.

परवा शेख चाचांनी मला बाजूला घेतलं. चाचा सुरुवातीपासून मामाच्या कारखान्यात. म्हणले, "बेटा, गलती हमारी है. खबर आयी और हम सब भागे. भट्टी चालू, गैस चालू, और वहाँ एक आदमी नहीं."

घरी मामाच्या पायाशी बसलेल्या ताईला गर्दीत चाचा दिसले. तिनं विचारलं, "चाचा, भट्टीपाशी कोण हाय?" चाचा म्हणले, "कोई नहीं." ते तसेच माघारी कारखान्याकडं निघाले, तर तिनं हात धरला. म्हणली, "तुम्ही त्यांना खांदा द्या. त्यांच्यासंगं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त राह्यलात. मी जाते."

लोकहो, गॅस भरलेली गरम भट्टी टाकून जाता येत नाय. बटन बंद केलं, कुलूप लावलं, असं चालत नाय. मधीच गॅस सरला अन् आत हवा ओढली गेली तर स्फोट होऊ शकतो. शेजारच्या शेडमधी पोरं काम करतात. गॅस चालू ठेवूनच ती हळूहळू थंड करावी लागते. कुणीतरी बसावंच लागतं.

तुम्हाला हे माहीत नव्हतं. तुमचा काय दोष? मला माहीत होतं ना! मी त्याच भट्टीपुढं बसून कंटाळलेला माणूस. मला तिला एक शब्द विचारता आला नाय? "ताई, काय झालं?" एवढं पण नाय?

लाज वाटते. घरात कोपऱ्यात माफी मागता आली असती. ती लगेच "राहू दे" म्हणली असती. पण बोललो चारचौघांत, म्हणून चारचौघांतच सांगतो. ताईनं बापाला सोडलं नव्हतं. आपण सगळे मामाचं तोंड बघायला धावलो, अन् तिनं बापाला शेवटचं पोचवणं पण सोडलं. कुणाच्या घरी दुसरं मढं निघू नये म्हणून.

ताई, तू तिकडं मागं चपलांपाशी कामून बसलीस? पुढं ये. मामाच्या फोटोला पहिलं फूल तुझं.

बाकीच्यांनी उभं राहा. वाट द्या तिला. ती फूल वाहून होईपर्यंत कुणी बोलू नका. सगळ्यात आधी मी गप होतो.