आधी सांगायचं, हे चित्र हाय

नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात सांगलीच्या स्टँडवर धोंडुबाई वडूजच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या दोन पोरी, साक्षी आणि प्रियदर्शनी, बोलत होत्या.

“प्रियदर्शनी, दादानं लेकीचा फोटो बघितला का गं?”

“परवा उघडला, तर पडदाभर नुसती वेडीवाकडी अक्षरं! बेंगलोरवरनं फोन करून म्हणतो, माझी लेक कुठाय?”

“महिन्याची झाली, अजून बापानं बघितली न्हाई!”

“रजाच मिळंना त्याला. मग मी इंटरनेटवर फोटो दाखवायला पायथन भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम पुन्हा वाचला. फोटो बरोबर जात हुता, पण त्याच्याआधी प्रोग्राम सांगायचा की हे लिखाण हाय. मग दादाचा कॉम्प्युटर फोटो वाचत बसायचा!”

“मग काय केलंस?”

“एक ओळ बदलली. ‘कंटेंट टाइप’ म्हणून आधीच सांगायचं, बाबा रं, आता येतंय ते चित्र हाय. खाली एक ओळ कोरी सोडायची, मग फोटो.”

“एवढंच?”

“एवढंच! आज सकाळी त्याचा फोन आला, पण बोलंचना. मला वाटलं, पुन्हा अक्षरंच दिसली. तर गडी रडत हुता!”

दोघी खिदळायला लागल्या. धोंडुबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण त्या सरकून जवळ आल्या.

“पोरी, नाक कुणाचं घेतलंय गं तिनं?”

“बापाचंच की, मावशी. चांगलं फताडं!”

“आगं, मग त्यो रडंल न्हाई तर काय करंल!”