आधी पार्वतीमावशीला

"हॅलो?… हो, मीच, उषा… तारा, ओरडू नको वं, येतंय ऐकू… हो, आला. कांडल्याहून निरोप आला, आत्ताच…"

डिंडोलीत शेजारच्या ललितभाईंच्या घरी उषाबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. पलीकडे तिची धाकटी बहीण तारा, गावच्या एसटीडीवर. ताराचा नवरा हिलाल कांडल्याला मिठाच्या कामाला गेलेला, आणि ते मेलं वादळ झाल्यापासून त्याचा पत्ता नव्हता.

"फोन कुठला? तिकडचे खांबच आडवे झालेत… अगं, ललितभाईंच्या रेडिओवर. गच्चीवर तो उंच एरियल नाही का, त्याच्यावर… नाही, आवाज नाही आला. अक्षरं येतात. तिकडे मदतीला गेलेल्यांनी असंच मशीन मांडलंय. ते तिथं टाइप करतात, आणि हवेतून इथं काँप्युटरवर उमटतं. ई-मेल म्हणतात… हो, तारेसारखंच समज… खोटं कसं असेल? एरवी परक्याचा निरोप धाडायची बंदीच असते या हौशी रेडिओवाल्यांना, संकट म्हणून मुभा… तारा, ऐक ना. पार्वतीमावशी आहेत का तिथं?… बाकड्यावर? त्यांना दे फोन."

निरोप एवढासाच होता. ललितभाईंनी दोनदा वाचून दाखवला होता. मी वाचलो, भटू गेला. मीच त्याला ओळखलं, मीच अग्नी दिला. आधी पार्वतीमावशीला सांगा, मग माझ्या घरी. मी आता गावी येत नाही. हिलाल.

भटू म्हणजे पार्वतीचा थोरला. त्याला कामाला नेलं ते हिलालनंच, तिच्या दारात उभं राहून, "मी आहे ना, मावशी," असं म्हणून. आता कोणत्या तोंडानं तो गावात पाऊल टाकणार? पण म्हणून बायकोला असं टांगून ठेवायचं? उषाबाईला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

"नाही, तुला आधी नाही सांगत… निरोपातच तसं आहे… अगं, मी काही म्हटलं का तसं? मनाचं काही धरू नकोस… रडू नको ना, तारा… माझी शपथ घालू नको! शपथ घालायची नाही, सांगून ठेवते!…"

एका शब्दाचं तर काम होतं. बहिणीचा जीव भांड्यात पडला असता. शब्द अगदी जिभेवर आला होता, उषाबाईनं तो गिळला. तारा त्या बाकड्यासमोर आनंदानं रडली असती, तर मग पार्वतीला सांगायचं तरी काय उरलं असतं?

"तुझ्यापेक्षा मी सहा वर्षांनी मोठी ना? मग ऐक माझं. एवढं एकदा ऐक… दे फोन. दे."

ती भिंतीला टेकली.

"मावशी?… हो, उषाच… बसल्यात ना तुम्ही?… मावशी, आपला भटू गेला."

तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"…हो… हो, मावशी, वादळात. मिठागरात पाणी शिरलं… नाही, नाही, बेवारस नाही गेला. हिलालरावांनी ओळखलं त्याला. त्यांनीच अग्नी दिला, आपल्या हातानं… हो, ते वाचले… नाही, ताराला नाही सांगितलं अजून. आधी तुम्हाला सांगायचं, असं त्यांनीच कळवलंय… आणि गावी येत नाही म्हणतात… मावशी?… कुणाशी बोलताय?… ताराशी?… तुम्हीच सांगताय तिला?"

पलीकडून ताराचा हंबरडा आला. उषाबाईनं डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीतून ललितभाई हात हलवत होते. तिकडची बॅटरी उतरत आली होती, उत्तर धाडायचं तर आत्ताच.

"मावशी, ऐकताय ना? हिलालरावांना उत्तर धाडता येतं, लगेच जातं… नाही, आवाज नाही जात. तुम्ही सांगा, ललितभाई लिहितील… सांगा… 'भटूच्या अस्थी घेऊन घरी ये'… हं… 'तुला कुणी काही बोलणार नाही'… बरं… खाली नाव ताराचं घालू ना?… नको?… हो… खरंय, मावशी. तिचं नाव बघून नाही यायचे ते… मग तुमचं?… तेही नको?… मग काय घालू?… काय म्हणालात?… परत बोला, मावशी, लाइन तुटतेय…… हो. हो, कळलं. तसंच घालते… हॅलो?… मावशी?… हॅलो?"

लाइन गेली. रिसीव्हर तसाच हातात धरून उषाबाई आतल्या खोलीकडे वळली.

"लखो, लिहा, ललितभाई… अस्थी घेऊन घरी ये. तुला कुणी काही बोलणार नाही… नीचे लखो, भटूची आई."