व्हाळावरचं पालथं डालगं

ऐका मंडळी, जरा जवळ सरकून बसा. कंदील राहू दे तिकडेच.

आमच्या वाडीत एक साल कोंबड्यांवर मर आली. माना मोडून पटापट पडल्या. धाकलूच्या परसात तर एक पीस उडेना. त्याची बायको वच्छी रोज सकाळी रिकाम्या खुराड्यापाशी उगाच जाऊन उभी राही. ते बघून धाकलूची थोरली बहीण, पलीकडच्या गावची आक्का, त्याला म्हणाली, माझी एक अंड्यांवर बसलीय, अंड्यांसकट घेऊन जा.

आता बसलेली कोंबडी हलवायची ती काळोखातच, हे तुम्हांला सांगायला नको. उजेड दिसला की ती उठते, आणि उठली की अंडी वाया. म्हणून धाकलू दिवेलागण उलटल्यावर निघाला. डालग्यात पेंढा, पेंढ्यात अंडी, अंड्यांवर कोंबडी, वर गोणपाट. हातात बॅटरी नाही. आक्कानं बजावलं होतं, सडकेनं जा, व्हाळाच्या वाटेनं नको. पण सडक लांबची. अंड्यांची ऊब जाईल म्हणून हा उतरला व्हाळात, ओढ्याच्या काठाकाठानं.

बांबूच्या बेटाशी आला, तर चिवचिव. आईपासून तुटलेली पिल्लं कशी रडतात, तशी.

इथं त्याचं चुकलं. ज्याचं परस ओस पडलंय, त्याचंच असं चुकतं. पाय थांबले आणि सवयीनं तोंडातून गेलं, "तीऽ ती ती ती..."

चिवचिव थांबली. मग पाचोळ्यात पावलं. बारीक बारीक, खूप. हा चालला की चालत, हा थांबला की थांबत. घोट्यांना चोची लागू लागल्या. गार, ओल्या. वाकून चाचपलं, तर हाताला काहीच नाही.

आणि कमरेपाशी कुणी बोललं. लहान मुलासारखा आवाज.

"बोलावलंस ना? मग घाल की."

खरंच आहे हो. कोंबड्यांना हाक मारून कुणी मूठ रिकामी ठेवतं का? पण धाकलूजवळ दाणा कुठला? त्यानं कोंबडीखाली हात घातला. तिनं टोचलं, तरी एक अंडं काढलं आणि मागं टाकलं. मागं झुंबड उडाली. थोडी वाट सरली. पुन्हा चोची, पुन्हा अंडं. असं करत करत पेंढा रिकामा झाला.

"आता आई दे."

डालगं खालून ओढलं जाऊ लागलं.

धाकलू रडकुंडीला आला. ही गेली तर वच्छीला काय दाखवायचं? त्यानं कोंबडी काढली, सदऱ्यात घालून पोटाशी धरली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, तिथंच उकिडवा बसला. संध्याकाळी आपण पिल्लं झाकतो ना, तसं रिकामं डालगं वाटेवर पालथं घातलं, एक कड उचलून धरली, आणि हळूच म्हणाला, "या, आत या. निजा आता."

त्याच्या बोटांवरून गार गार काहीतरी सरसरत आत गेलं. जातच राहिलं. शेवटी आतून झोपेतली कुरकुर ऐकू आली. त्यानं कड टेकवली आणि निघाला. पळाला नाही बरं. पळालं की पिल्लं मागं धावतात.

वच्छीनं दार उघडलं. अंडं एकही नव्हतं, पण सदऱ्यातून कोंबडीनं मान बाहेर काढली. आज वाडीत ज्या फिरतात, त्यातल्या बऱ्याच तिच्याच पोटच्या.

तर बाबांनो, व्हाळाच्या वाटेला जाऊ नका. डालगं अजून तिथंच आहे. किती पावसाळे गेले, कुजलं नाही. आतून कुरकुर आली तरी कड उचलू नका. त्यांना आई अजून मिळालेली नाही.