सुभानरावाची पौर्णिमेची रजा

...आणि रजा मागितली ती कशी, तर हात जोडून. तुम्हाला सांगतो, सरकारी बँडमध्ये मी बिगूल वाजवतो आणि आमचा सुभानराव मोठा ढोल. सहा फुटी गडी, पण जमादारापुढे मान खाली घालून म्हणतो, "त्रयोदशी ते प्रतिपदा, चार दिवस द्या. पौर्णिमेला बायको बाळंत होणार." जमादार म्हणे, "बाळानं तसं कळवलंय का?" हसू नका हो... गेल्या खेपेला बँड पादरा गावी वाजवायला गेलेला, इकडे अहल्याबाईंना मूल झालं आणि दोन तासांत गेलं. सुभानरावानं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. यंदा घर सोडायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलेलं.

आता पौर्णिमा सांगितली कुणी? तर त्याच्या आईनं, मथुराबाईंनी. "चंद्र भरला की दिवस भरलेली बाई सुटते." खालच्या मजल्यावरच्या कांताबेननं री ओढली, "पूनमेज आवशे, जोजो ने." म्हणजे पौर्णिमेलाच येणार, बघाल. झालं! दांडिया बाजारातल्या त्यांच्या माडीवर चार दिवस पाणी तापतंय, सुईण रखमाबाई पान चघळत बसलीय, सुभानराव दाराशी खांबासारखा उभा... चंद्र आपला वेळेवर, बाळाचा पत्ता नाही. अहल्याबाई म्हणाल्या, "अहो, असे टक लावून बघू नका, मीच काही चुकल्यासारखं वाटतं." प्रतिपदा आली, तरी तेच, चंद्र आपला वेळेवर, बाळाचा पत्ता नाही. रखमाबाई म्हणते, "दादा, अवसेलाही माझ्या हातून तितकीच झालीत. पौर्णिमेची तेवढी लोक लक्षात ठेवतात." सुभानराव म्हणाला, "मग आधी का नाही बोललीस?" "मला विचारलं कुणी?"

रजा संपली. सप्तमीच्या सकाळी कवायतीहून बँड दांडिया बाजारातून परत चाललाय, तोच माडीच्या खिडकीतून कांताबेनची हाक, "सुभानभाई, उपर आवो!" त्यानं जमादाराकडे पाहिलं. जमादार म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस, जा." गेला तो ढोलासकट, आणि अरुंद जिन्यात ढोल अडकला... पट्टा सुटेना, वर अहल्याबाई कण्हतायत, खाली अख्खा बँड चिडीचूप. शेवटी पट्टा तोडून तो दाराशी पोचला आणि आतून पोरीनं टाहो फोडला. ओंजळीत घेऊन तो तिचं तोंड बघत राहिला.

मागाहून मी मथुराबाईंना म्हटलं, "काकू, कुठे पौर्णिमा, कुठे सप्तमी. चंद्र वेळेवर होता, बाळाचा पत्ता नव्हता." त्यांनी खिडकीतून पश्चिमेला बोट दाखवलं. उन्हात फिकट अर्धा चंद्र लटकलेला. म्हणतात, "हा कुठला मग? पौर्णिमेचाच उरलेला ना?"

आता उरलेल्या चंद्राशी कोण वाद घालणार, तुम्हीच सांगा.