माझ्याकडे गळत नाही

...हसा, हसा, तुम्ही तरी का मागे राहता! आमचं अख्खं विमानवाल्यांचं मंडळ हसलं, टपालवाला हसला, चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचनाच्या मध्येच माझ्याकडे बघून खोकल्याचं सोंग केलं, मग तुम्हीच काय घोडं मारलंय? पण एक ऐका. बाहेर जे पसरलंय ना, की रोलंड हॉगनच्या विमानाच्या नळ्या गळक्या निघाल्या, ते साफ खोटं! बदनामी करायचीच तर खऱ्या गोष्टीवरून करा, ती भरपूर आहे. पण गळती? छे! माझ्याकडे गळत नाही!

अहो, जन्म गेला माझा गावच्या नळखात्यात तपासनीस म्हणून, लोकांच्या मोरीखाली डोकं घालण्यात. कुठं टपटप ऐकू आलं की मला घास उतरत नाही. लग्न ठरल्यावर सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तर अर्ध्या जेवणातून उठून सासऱ्यांचा नळ खोलून बसलो... लॉरेन, म्हणजे आमची ही, अजून चारचौघांत काढते ते. तर असा मी निवृत्त झालो आणि गॅरेजात विमान बांधायला घेतलं. आमच्या विस्कॉन्सिनात त्यात कुणाला वेड दिसत नाही बरं का. दाराशी कमरेएवढं बर्फ, माणसानं आत बसून करायचं काय? कोण लाकडाची बदकं कोरतं, कोण विमान बांधतं.

आता विमानात गळायला असतं काय, म्हणाल? हवा! पंखाखाली एक नळी असते, वाऱ्याकडे तोंड करून, तिला पिटो म्हणतात. ती वारा झेलते आणि वेग कळतो. आणि मागं, शेपटीच्या अलीकडे, दोन्ही कुशींना टाचणीच्या डोक्याएवढं एकेक भोक; ते बाहेरची निवांत हवा आत घेतं, तिच्यावरून उंची कळते, आणि वेगाचा हिशेबही तिच्यावाचून पुरा होत नाही. तिथून नळ्या निघतात त्या थेट समोरच्या तबकड्यांपर्यंत. नळी आली की जोड आले, आणि जोड आले की... मी आलो! सबंध हिवाळा जोड निवडण्यात घालवला, तुम्हाला सांगतो! प्लास्टिकचे, नुसते ढकलून बसवायचे, ते आणले. मला त्यांचा चेहराच आवडला नाही. दातेरी बोंडांचे, वरून पकड आवळायची, ते आणले. थंडीत नळी आकसली की पकड सैल! शेवटी ॲल्युमिनियमची नळी, तिचं तोंड फुलवून वर नट, तसले घेतले, आणि एकेक जोड स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासला. पिचकारीनं हवा दाबायची, काचेच्या नळीत पाणी चढवायचं आणि बघत बसायचं, पाणी उतरतंय का. लॉरेन म्हणते, "रॉली, जेवण गार होतंय." मी म्हणतो, "हूं, पाणी बघतोय." "रॉली, तुझ्या बहिणीचा फोन आहे." "पाणी बघतोय!" "रॉली, मी माहेरी चाललेय." "जाताना दार हळू लाव, पाणी हलेल!" पण उतरलं का पाणी? केसभर नाही! माझ्याकडे गळत नाही!

आता आमच्या मंडळात, घरी विमानं बांधणाऱ्यांच्या, एक ड्वेन कुबियाक आहे. गोठ्यातला माणूस. त्याच्या विमानातल्या नळ्या कुठल्या ठाऊक आहे? दूध काढायच्या यंत्राच्या! गाई विकल्या, नळ्या उरल्या, त्या यानं विमानात घातल्या! आणि जोड? जो जिथं बसला तो तिथला! वर म्हणतो कसा, "गळतं रे थोडं. गाईपण थोडं सांडायच्याच." मी भर बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "ड्वेन, ही नळी आहे का गाळणं?" झालं, सगळे खो-खो हसले. ड्वेन टोपी काढून आतली शिवण बघत बसला. मला काय चेव चढला होता! आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात हो...

कारण मला व्हायचं होतं मंडळाचा तपासनीस. कुणाचंही विमान पहिल्यांदा उडायचं म्हणजे आधी त्यानं बघायचं, असा मान. निवड शनिवारी, पॅनकेकच्या न्याहारीच्या वेळी. आणि त्याच सकाळी, सगळ्यांच्या देखत, मी माझं विमान पहिल्यांदा उडवणार. योग बघा!

आदल्या दिवशी विमानाला पॉलिश केलं. पॉलिश आत जाऊ नये म्हणून त्या दोन भोकांवर टेप लावायची असते. लॉरेननं शिकारीवाले वापरतात ती भडक नारिंगी टेप आणून दिली. "ही लाव रॉली, काढायची आठवण राहील." मी म्हटलं, "अगं, चकचकीत अंगावर नारिंगी? फोटोत मलमपट्टी केल्यासारखं दिसेल!" आणि मी लावली चंदेरी. विमान चंदेरी, टेप चंदेरी. दिसायला काय सुंदर!

सकाळी उडायच्या आधी विमानाला हात लावत, वाकून बघत एक फेरी मारायची असते. मारली ना! पण शेपटीपाशी पोचतोय तोवर कुणीतरी विचारलं, "रोलंड, जोड कोणते घातलेस रे?" आता मला हे विचारायचं असतं का? भोवती घोळका, हातात कॉफी, आणि मी विमानाला पाठ टेकून सांगतोय, श्वासभर हवा सुटायची नाही म्हणून... पाठ कुठं टेकलेली? बरोब्बर त्या भोकावर, आणि फेरी तिथंच संपली!

उडालो. पहिल्या उड्डाणाला शेजारून एकानं उडत सोबत करायची, ही आमची रीत. मंडळानं सोबतीला दिलं कुणाला? ड्वेनला! चाकं जमिनीवरून सुटली, मका खाली गेला, आणि वेगाचा काटा लागला पडायला. विमानाचं नाक खाली दाबलं, जरा चढला. नाक उचललं, पडला. मग जो शून्यावर बसला तो बसलाच! उंची बघतो, तर उंची धावपट्टीची! म्हणजे मी ढगाकडे चाललोय आणि सगळ्या तबकड्या एका सुरात सांगताहेत की बाबा रे, तू अजून हँगरातच आहेस! वेग खरंच कमी पडला ना, तर पंख हवा सोडतो, आणि मग विमान म्हणजे खिडक्या असलेला दगड. खाली लॉरेन घडीच्या खुर्चीत बसलेली, एवढीशी दिसत होती.

रेडिओवर ड्वेन. "रोलंड, वेग किती?"

"शून्य."

"आणि उंची?"

"काही नाही."

"अरे लेका, तू माझ्या शेजारी उडतोयस!"

मग मला ते विचारावं लागलं. "ड्वेन... तुझा काटा काय म्हणतो?"

मग म्हणाला, "माझा? माझा गाळण्यातला आहे, बाबा. चालेल का?"

"चालेल," म्हटलं. काय करणार!

आणि हा रेडिओ खाली पॅनकेकच्या तव्याशेजारी ठेवलेला होता, आवाज मोठा करून! सगळं मंडळ, हातात बशी, ऐकतंय! पण ड्वेन पुढं एक शब्द वावगा बोलला नाही हो. "माझ्या पंखाशी राहा. हां, अस्सं. वेग सत्तर. घाबरू नको, सत्तरच आहे. अजून थोडं खाली... चल, गाई घरी आणायच्यात." बिथरलेल्या गाईला बोलावं तसं बोलत मला मक्यावरून खाली आणलं. चाकं टेकली, आणि मी हुंदका दिला, खोटं कशाला सांगू. रेडिओचं बटण दाबलेलंच होतं.

लॉरेन चालत आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती माझ्याशेजारून पुढं गेली, शेपटीपाशी वाकली, नखानं एक चंदेरी पट्टी सोलली, वळसा घालून दुसरी सोलली, आणि दोन्ही माझ्या खिशावर चिकटवल्या. शिव्या परवडल्या असत्या.

ड्वेन टोपी मागं सारून विचार करत उभा. टोमणा नव्हता, देवाशप्पथ, बिचाऱ्याला तेव्हाच सुचलं. म्हणाला, "गंमत बघ. तुझा एक जरी जोड थोडा गळका असता ना, तर आतली हवा शिरली असती नळीत, आणि काटे हलले असते." आणि बरोबर होतं! त्या कुबियाकच्या गाईच्या नळ्या असत्या तर मी काटे बघत उतरलो असतो! सबंध हिवाळा बसून मी काय केलं, तर वाचायची शेवटची वाटसुद्धा नट आवळून बंद केली!

तपासनीस ड्वेन झाला. हात मीही वर केला, सगळ्यांत आधी. मग न्याहारीला बसलो, तर माझ्यापुढं पॅनकेकवर ओतायच्या सिरपची बाटली आली, तोंडाला चंदेरी टेप. उलटी केली, हलवली, बुडावर थापटली. सगळी टेबलं माझ्याकडे बघताहेत. ड्वेननं हळूच विचारलं, "काय रोलंड, गळतंय का?"

म्हटलं, "नाही. माझ्याकडे गळत नाही."

आणि कोरडाच खाल्ला.