मीठ खायचं नाही, कळलं?

...आणि वर दवाखान्यातले मलाच विचारतात, "आजी, तुमचं लक्ष कुठं होतं?" माझं लक्ष? अहो, चुलीवर होतं, गाईवर होतं, म्हाताऱ्यावर होतं! तुमचं कुठं होतं?

तुम्हाला सांगते, आमचा म्हातारा मुकाश म्हणजे उभा जन्म घोड्यावर आणि मेंढ्यांमागं काढलेला माणूस. सकाळी उठला की डोकं धरून बसायला लागला, म्हणून मीच त्याला ओढत दवाखान्यात नेला. तिथली डॉक्टरीण आयपेरी, पोरसवदा, बिश्केकला शिकून आलेली. तिनं दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं आणि रशियनमध्ये जी सुरू झाली... थांबायचं नाव नाही! शेवटी गोळ्यांची पुडी हातात दिली आणि आमच्या किर्गिझमध्ये एवढंच, "दाब आहे. मीठ खायचं नाही. कळलं?"

म्हातारा म्हणाला, "कळलं."

काय कळलं, कपाळ? पण डॉक्टरसमोर 'नाही कळलं' म्हणणं म्हणजे भर बाजारात घोड्यावरून पडणं. आणि बघा हं, मी काही सांगितलं तर उभ्या संसारात एकदा 'कळलं' म्हणाला नाही हा माणूस!

आता दाब आहे, पण कुणाचा? ते काही बाईंनी सांगितलं नाही. वाटेत विचार करकरून म्हणतो, "बुरुल, माझ्यावर कुणाचा दाब असणार? तुझाच." झालं! त्या दिवसापासून लाकडं फोड म्हटलं की छातीला हात, दाब देऊ नकोस. गाय बांध म्हटलं, दाब देऊ नकोस.

मीठ मात्र सोडलं हो. मटण अळणी, शेवया अळणी. पाहुणे एक घास घेऊन माझ्याकडं बघायचे, बुरुलचा हात बिघडला म्हणून. अळणी घास घशाखाली उतरेना, मग त्यावर चहा. वाडगाभर, आणखी वाडगाभर... दूध, लोणी, चांगलं चिमूट चिमूट मीठ. हसता काय? आमच्या नारीन भागात चहात मीठ नाही तर काय साखर घालायची? आणि चहा खातात का? पितात! बाई म्हणाली, खायचं नाही. प्यायचं नाही म्हणाली का? कुरुतचंही तेच. दह्याचा वाळवलेला खारट गोळा, गालात धरून दिवसभर चघळायचा, त्याला जेवण कोण म्हणतं?

पुन्हा गेलो. पुन्हा पट्टा, पुन्हा फुस्स, बाईंच्या कपाळाला आठ्या. मीठ सोडलंत? सोडलं. गोळ्या घेता? घेतो. घेत होताच की, डोकं दुखलं की! दुखत नसताना औषध कोण घेतं? कळलं? कळलं. आणि चहा करणारी मी, गोळी हातावर ठेवणारी मी... मला म्हणे, "आजी, तुम्ही बाहेर बसा जरा."

बसले बाहेर.

मग मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या दिवशी सकाळी त्याच्या हातातून चहाचा वाडगा निसटला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. डोक्यात शीर फुटली म्हणाले.

आता आयपेरी घरी येते. वाईट नाही हो पोरगी, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी रडली. त्याच्या गादीशी बसून आमच्या भाषेत, सावकाश, लेकराला भरवावं तसं सांगते. चहातसुद्धा मीठ नाही, कुरुत नाही, गोळी रोज, डोकं दुखो न दुखो. अगं बाई, एवढंच होतं? मग तेव्हा का मूग गिळून बसली होतीस? माझा असा जळफळाट होतो!

सगळं सांगून झालं की सवयीनं विचारते, "आजोबा, कळलं?"

म्हातारा म्हणतो, "कळलं."

तेवढा एकच शब्द राहिलाय त्याच्याकडं. बाकीचे गेले. थंडी वाजते का? कळलं. कूस बदलू का? कळलं. काल मी त्याच्यापुढं बसून रडले. म्हटलं, म्हाताऱ्या, एकदा बुरुल म्हण... नाहीतर दाब देऊ नकोस म्हण, भांड माझ्याशी. म्हातारा म्हणाला, "कळलं."

उभ्या संसारात तेवढंच मागितलं होतं मी त्याच्याकडं. मिळालं.