जिन्यातले ठोके

"'शून्य येईपर्यंत ऐकत राहा, आपणहून बंद करू नकोस,' असं आप्पांनी बजावलं होतं मला."

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते.

"शून्य म्हणजे काय गं, ताई?"

"पलीकडच्याने कनेक्शन बंद केलं, की माझ्या प्रोग्रामच्या हाती शून्य बाइट येतात."

"मग आले असतील की! ठोके मोजणारा तो पट्टा चितेवर आप्पांच्या छातीवरच जळाला. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मीही पाहिलंय. पण डेटा येतोय."

"काहीतरी कचरा असेल."

"कच्चे आकडेच येतात रे. त्यांचा आलेख काढला. ठोके आहेत."

"दुसऱ्या कुणाचे तरी असतील. तुझा प्रोग्रामही तुझ्यासारखाच हट्टी!"

"जिना चढताना आप्पांचा एक ठोका चुकायचा ना? तस्साच चुकतोय. सकाळपासून."

"ताई, घरी गेल्या गेल्या बंद कर ते."

"आणि आप्पा मध्येच कुठे अडकून पडले तर?"

आतून भावाचं नाव पुकारलं.

"जा, तू दाढ दाखवून घे. घरी लॅपटॉपचं चार्जिंग संपत आलं असेल, मी पुढे होते."

तिने पर्स उचलली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.